सभासदांची यादी कोणाच्या ताब्यात?



राजकीय पक्ष आणि डिजिटल तंत्रज्ञान हा विषय निघाला की बोलणं लगेच प्रचाराकडे वळतं. समाजमाध्यमं, खोट्या बातम्या, वॉर रूम, व्हॉट्सॲपचे गट यांवर बरंच लिहिलं गेलं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. आज मात्र मला पक्षाच्या घरात काय घडलं याविषयी बोलायचं आहे. सभासद नोंदवला कसा जातो, त्याची नोंद कुठे राहते, त्याला प्रश्न कोण विचारतं आणि त्याच्या उत्तराचं पुढे काय होतं? माझं म्हणणं असं आहे की गेल्या दहा-पंधरा वर्षांत पक्षांनी जे तंत्रज्ञान घरात आणलं त्यामुळे सभासद होणं फार सोपं झालं, पण सभासद म्हणून पक्षात काही घडवून आणणं पूर्वीपेक्षा अवघड झालं. हा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. यादी कोणी सांभाळायची, प्रश्न कोणी ठरवायचा आणि मोजणी कोणी तपासायची, हे निर्णय माणसांनीच घेतले आणि जवळपास प्रत्येक वेळी ते नेतृत्वाच्या बाजूने घेतले.

आधी जुनी व्यवस्था आठवू. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने गांधीजींच्या पुढाकाराने तयार झालेली नवी घटना स्वीकारली. चार आणे वर्गणी भरणाऱ्याला सभासदत्व, गावापासून प्रांतापर्यंत समित्यांची उतरंड आणि भाषावार प्रांतिक समित्या ही तिची मुख्य अंगं. पुढच्याच वर्षी बेझवाड्याच्या बैठकीत एक कोटी सभासद नोंदवण्याचं उद्दिष्ट ठरलं. त्या काळचं तंत्रज्ञान म्हणजे पावतीपुस्तक. पावती फाडून सभासदाच्या हातात द्यायची, तिची स्थळप्रत पुस्तकातच ठेवायची आणि पुस्तक स्थानिक समितीकडे जमा करायचं. या साध्या व्यवस्थेतून दोन गोष्टी होत. वर्गणी घेणारा आणि देणारा एकमेकांना तोंडाने ओळखत. शिवाय मूळ नोंद खालीच राहत असल्यामुळे आपल्या पक्षात नेमकं कोण कोण आहे, हे प्रांताच्या पुढाऱ्याला तालुक्याला विचारूनच कळायचं. तालुक्याची सारी पत या माहितीवर उभी होती. या पतीचा गैरवापरही भरपूर झाला. पुढारी स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून नावं घुसडत, निवडणुकीच्या तोंडावर याद्या फुगत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस काँग्रेसमधल्या या बोगस सभासदांविरुद्ध खुद्द गांधीजी ‘हरिजन’मधून कठोर शब्दांत लिहीत होते. त्यामुळे जुनं ते सोनं असा माझा दावा मुळीच नाही. जुन्या व्यवस्थेत मधल्या पायरीच्या हातात काहीतरी होतं आणि त्या पायरीवर उभं राहून वरच्याला ‘नाही’ म्हणता येत होतं, एवढंच मला नोंदवायचं आहे.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी भारतीय जनता पक्षाने जी सभासद नोंदणी सुरू केली तिने ही व्यवस्था मुळापासून बदलली. ठरलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, एक रिंग वाजून फोन कट होतो आणि मोबाईलवर सभासद क्रमांकाचा संदेश येतो. नाव-पत्ता त्यानंतर कळवायचा. वर्षभराच्या आत पक्षाने दहा कोटींहून अधिक सभासदांचा आकडा जाहीर केला आणि चीनच्या कम्युनिस्ट पक्षाला मागे टाकल्याचं सांगितलं. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाला देशभरात मिळालेली मतं होती सुमारे सतरा कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मिस्ड कॉल देणारा आणि पक्षाचं काम करणारा सभासद यांच्यातलं अंतर लक्षात येतं. ते पक्षालाही कळत होतं. म्हणून तर लगेच ‘महासंपर्क अभियान’ काढून कार्यकर्त्यांना या क्रमांकांमागची माणसं शोधायला घरोघर पाठवावं लागलं. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नोंदणीत मिस्ड कॉलच्या जोडीला क्यूआर कोड, संकेतस्थळ आणि ॲप आले. कोणी किती सभासद आणले हे रेफरल कोडवरून कळू लागलं आणि सक्रिय सभासद व्हायला पन्नास जण नोंदवण्याची अट आली. बूथवरच्या कार्यकर्त्याने कार्यक्रमाची माहिती आणि फोटो ‘सरल’ या ॲपवर टाकायचे, ही पद्धतही याच सुमाराला रूढ झाली. संघटन म्हणून हे काम अतिशय शिस्तीचं आहे आणि इतर पक्षांनी त्याचा हेवा करावा असं आहे. पण माहितीचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो ते पाहा. कार्यकर्त्याने दिवसभरात काय केलं हे मुख्यालयाला कळतं. मुख्यालय काय ठरवतं यावर मत नोंदवण्याची जागा मात्र कार्यकर्त्याला ॲपवर मिळत नाही. कोट्यवधी सभासदांच्या या पक्षात राष्ट्रीय अध्यक्षाची निवड बिनविरोध होण्याची प्रथा आहे. जानेवारी २०२० मध्ये जगत प्रकाश नड्डांची निवडही तशीच झाली.

काँग्रेसचं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण या पक्षाने तंत्रज्ञानाचा वापर सभासदाचं मत विचारण्यासाठीही केला. २०१८ मध्ये ‘शक्ती’ नावाची यंत्रणा उभी राहिली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड या राज्यांत पक्ष जिंकला, तेव्हा राहुल गांधींचा ध्वनिमुद्रित संदेश कार्यकर्त्यांच्या फोनवर गेला. मुख्यमंत्री कोण असावा, एकच नाव सांगा, तुम्ही कोणाचं नाव घेतलं ते फक्त मला कळेल, पक्षात दुसऱ्या कोणालाही कळणार नाही, असा त्याचा आशय होता. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. स्थानिक पुढाऱ्याच्या दबावाखाली असलेल्या कार्यकर्त्याला मोकळं बोलता यावं असाच तो असणार. पण जे मत एकट्या नेत्यालाच ऐकू येतं ते मोजलं कसं गेलं, हे विचारायची सोय राहत नाही. कोणाला किती पसंती मिळाली हे जाहीर झालं नाही आणि तिन्ही मुख्यमंत्र्यांची नावं दिल्लीतल्या बैठकांतून ठरली.

चार वर्षांनी याच पक्षाने अध्यक्षपदासाठी खरीखुरी निवडणूक घेतली. सन २००० नंतर प्रथमच लढत झाली, ही गोष्ट काँग्रेसच्या श्रेयाचीच आहे; इतर बहुतेक पक्षांत तेवढंही घडलेलं नाही. त्याआधीच्या मोहिमेत पक्षाने अडीच कोटींहून अधिक डिजिटल सभासद नोंदवल्याचं सांगितलं होतं. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची संख्या दहा हजारांच्या आत होती. मतदानाच्या आधी पाच खासदारांनी निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहून या प्रतिनिधींची यादी उपलब्ध करून द्यावी, अशी मागणी केली. इच्छुक उमेदवाराला ती कार्यालयात पाहता येईल, असं उत्तर आलं. प्रतिनिधींचे संपर्क क्रमांक नीट मिळाले नाहीत, अशी तक्रार शशी थरूर यांनी पुढेही केली. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी ९,३८५ मतं पडली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मिळाली. यादी आधी खुली असती तर निकाल फिरला असता, असं मला म्हणायचं नाही. क्यूआर कोड असलेली ओळखपत्रं प्रतिनिधींना देऊ शकणाऱ्या पक्षात उमेदवाराला आपल्या मतदारांपर्यंत पोचणं अवघड जावं, हा मुद्दा मला मोलाचा वाटतो. यादी संगणकावर होती. ती कोणाला दाखवायची हा निर्णय संगणकाचा नव्हता.

आम आदमी पक्षाने सुरुवात वेगळी केली होती. डिसेंबर २०१३ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्यावर दिल्लीत सरकार बनवावं का, हा प्रश्न पक्षाने एसएमएस, फोन आणि संकेतस्थळावरून लोकांना विचारला, शिवाय दिल्लीच्या वॉर्डांतून जनसभा घेतल्या. दिल्लीतून आलेल्या उत्तरांपैकी चौऱ्याहत्तर टक्के होकारार्थी असल्याचं सांगण्यात आलं. त्या जनसभांत लोक एकमेकांसमोर वाद घालत होते, हात वर करत होते. मला त्या प्रयोगाचं अजूनही महत्त्व वाटतं. पण मार्च २०१५ मध्ये योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना पक्षाच्या वरिष्ठ समित्यांतून काढलं गेलं आणि अंतर्गत लोकपाल ॲडमिरल रामदास यांना बाजूला केलं गेलं, तेव्हा कोणाच्याही फोनवर प्रश्न आला नाही. पुढे २०२२ मध्ये पंजाबात भगवंत मान यांच्या नावाला त्र्याण्णव टक्के आणि गुजरातमध्ये इसुदान गढवी यांना त्र्याहत्तर टक्के पसंती मिळाल्याचं जाहीर झालं. ही मतं कोणीही नागरिक नोंदवू शकत होता. म्हणजे पाच वर्षं पक्षासाठी राबलेला कार्यकर्ता आणि त्या दिवशी सहज फोन लावणारा माणूस यांचं वजन सारखंच झालं. वरवर हे फार लोकशाहीचं दिसतं. पण गर्दीत मिसळून गेलेल्या सभासदाकडे नेत्याला जाब विचारण्याचा कोणताच वेगळा अधिकार उरत नाही.

हे सगळं भारतातल्या राजकीय संस्कृतीमुळे होतं, असं कोणी म्हणेल. म्हणून इटलीकडे पाहू, कारण तिथे एका पक्षाने आपलं सारं संघटनच इंटरनेटवर उभं केलं होतं. विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो आणि संगणक सल्लागार जानरोबेर्तो काझालेज्जो यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये पंचतारा चळवळ स्थापन केली. कार्यालयं नकोत, मधले पुढारी नकोत, प्रत्येक सभासद थेट निर्णय घेईल, हा तिचा बाणा. २०१६ मध्ये त्यासाठी ‘रूसो’ नावाचा मंच सुरू झाला. उमेदवार निवडणं, कायद्याच्या मसुद्यांवर मतं देणं, आघाडी करावी की नाही हे ठरवणं, सगळं त्यावर. मे २०१८ मध्ये लीग पक्षाबरोबरच्या करारावर सुमारे पंचेचाळीस हजार सभासदांनी मतं दिली आणि चौऱ्याण्णव टक्के बाजूने पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये नेमक्या विरुद्ध बाजूच्या डेमोक्रॅटिक पक्षाशी आघाडीला एकोणऐंशी टक्के. फेब्रुवारी २०२१ मध्ये मारिओ द्रागी यांच्या सरकारला पाठिंबा द्यायचा का, हे विचारताना प्रश्नातच लिहिलं होतं की या सरकारात पर्यावरणीय स्थित्यंतराचं मोठं मंत्रालय असेल आणि चळवळीने मिळवलेल्या गोष्टी जपल्या जातील. एकोणसाठ टक्के ‘हो’ म्हणाले. प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, हे याहून स्पष्ट दिसणार नाही. त्याआधी २०१७ मध्ये जेनोव्हा शहराच्या महापौरपदासाठी मारिका कासिमातिस यांनी ऑनलाइन निवड जिंकली, तेव्हा ग्रिल्लो यांनी माझ्यावर विश्वास ठेवा असं सभासदांना सांगून ती निवडच रद्द केली. तो निर्णय स्थगित करायला न्यायालय लागलं.

मोजणीचंही तसंच. इटलीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०१९ मध्ये ‘रूसो’ला पन्नास हजार युरोंचा दंड केला. व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या व्यक्तीला मतांत ढवळाढवळ करता येईल आणि तिचा माग राहणार नाही, ही त्यातली गंभीर बाब. पण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट शेवटी घडली. हा मंच पक्षाच्या मालकीचा नव्हता, काझालेज्जो यांच्या मुलाच्या ताब्यातल्या एका स्वतंत्र संस्थेचा होता. २०२१ मध्ये थकलेल्या पैशांवरून पक्ष आणि ही संस्था यांचं बिनसलं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या संसदीय पक्षाकडे आपल्याच सभासदांची यादी नाही, असं उघड झालं. नवा नेता निवडायचा तर मतदार कोण? जून २०२१ मध्ये प्राधिकरणाला आदेश काढून यादी पक्षाच्या हवाली करायला लावावी लागली.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की पक्षात सत्ता मूठभरांकडे जाणं हे काही तंत्रज्ञानामुळे सुरू झालेलं नाही. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्येच, जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अभ्यास करून, संघटना म्हटली की अल्पजनांची सत्ता आलीच, असा सिद्धान्त मांडला होता. आक्षेप बरोबर आहे आणि माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. मिशेल्स यांनी दाखवलेल्या कारणांत माहितीवरचा आणि पक्षाच्या मुखपत्रांवरचा नेत्यांचा ताबा हे मोठं कारण होतं. इंटरनेट ही मक्तेदारी मोडेल अशी आशा होती. नेत्याची वाणी सभासदापर्यंत पोचवण्याच्या बाबतीत अंतर खरोखरच मिटलं. पण सभासदाला दुसऱ्या सभासदापर्यंत पोचायचं असेल तर? शाखेत, तालुक्याच्या बैठकीत लोक एकमेकांना दिसत होते, नाराज माणसाला नाराज माणूस सापडत होता. आजच्या यंत्रणेत प्रत्येक सभासद मुख्यालयाला दिसतो आणि शेजारच्या तालुक्यातला सभासद त्याला दिसत नाही. असंतोष शिल्लक राहतो, पण तो एकत्र येण्याची जागा जाते. मग पक्षांतर हाच एक मार्ग उरतो आणि तो आमदारांना परवडतो, कार्यकर्त्याला परवडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रात्री नऊ वाजता पक्ष कार्यालयात भरणाऱ्या बैठकीला कोण जाऊ शकत होतं? घरकाम आणि मुलं सांभाळणाऱ्या बाया, पाळीवर काम करणारे कामगार, परगावी शिकणारी मुलं या बैठकांतून नेहमीच बाहेर राहिली. फोनवरून त्यांना पक्षात येता येत असेल तर ते दार बंद करा, असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. माझी मागणी अशी की त्या दारातून आत आलेल्या बाईला मत देण्याचा, उमेदवार होण्याचा आणि इतर सभासदांना आपलं म्हणणं कळवण्याचा अधिकारही मिळावा. हे तंत्रज्ञानाने शक्य आहे, मात्र कायद्याची आणि नियमांची चौकट आधी लागते. जर्मनीत राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमानेच पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असण्याचं बंधन घातलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनामुळे ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनचं अधिवेशन ऑनलाइन झालं. आर्मिन लाशेट यांनी फ्रीडरिश मेर्त्स यांना ५२१ विरुद्ध ४६६ मतांनी हरवलं. तरीही तो निकाल तेवढ्यावर अंतिम मानला गेला नाही; टपालाने मतपत्रिका मागवून त्यावर शिक्कामोर्तब करावं लागलं. निवडणुकीतली मोजणी सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आली पाहिजे, असं त्या देशाच्या घटना न्यायालयाने २००९ मध्येच मतदानयंत्रांच्या प्रकरणात बजावलं होतं. एक आठवडा उशीर झाला, पण हरलेल्याला मोजणीवर संशय घ्यायला जागा उरली नाही.

तिसरा आक्षेप पक्षाचे व्यवस्थापक घेतात: निवडणुका जिंकायच्या तर यंत्रणा एकहाती हवी, याद्यांवरचे हक्क वगैरे चैन परवडत नाही. याचं उत्तर महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पाहिलं आहे. शिवसेना फुटली, मग राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि खरा पक्ष कोणाचा हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला. लाखो सभासदांचे अर्ज आणि शपथपत्रं गठ्ठ्यांनी सादर झाली. १७ फेब्रुवारी २०२३ च्या शिवसेनेबाबतच्या आदेशात आयोगाने संघटनेतल्या बहुमताची कसोटी निष्कर्षाप्रत नेत नाही असं म्हटलं आणि विधिमंडळातल्या बळावर, म्हणजे ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार कोणाकडे यावर, नाव आणि चिन्ह दिलं. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीच्या बाबतीतही विधिमंडळातलं बहुमतच निर्णायक ठरलं. ते आदेश योग्य की अयोग्य हा माझा आजचा विषय नाही. कार्यकर्त्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ मला सांगायचा आहे. गावोगाव शाखा असलेला पक्ष कोणाचा, हे ठरवताना त्या शाखांतल्या माणसांचं मत मोजता आलं नाही, कारण सगळ्यांना मान्य होईल अशी सभासदांची यादी आणि निर्विवाद अंतर्गत निवडणूक यांपैकी काहीच हाताशी नव्हतं. एकहाती यंत्रणेची किंमत अशा दिवशी चुकवावी लागते.

यादी खुली केली तर सभासदांची खासगी माहिती बाहेर जाईल, असंही सांगितलं जातं. ही भीती मला मान्य आहे. फोन क्रमांकांचा बाजार किती मोठा आहे हे आपण रोज अनुभवतो. पण खुलेपणा म्हणजे क्रमांक चव्हाट्यावर मांडणं नव्हे. आपल्या गृहनिर्माण संस्थेकडे किंवा गावच्या पतसंस्थेकडे पाहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली तिला ‘आय’ नमुन्यात सभासदांची नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यात यादी ठेवावी लागते, सभासदाला ती पाहता येते आणि निवडणुकीआधी प्रारूप मतदारयादी लावून हरकती मागवाव्या लागतात. वीस सदनिकांच्या इमारतीला जो नियम लागू आहे तो राज्य चालवू पाहणाऱ्या पक्षाला नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार पक्षाची नोंदणी होते, पण अंतर्गत निवडणूक कशी व्हावी, सभासदांची यादी कोणी तपासावी, याबद्दल ते कलम काही सांगत नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी तरतुदी सुचवल्या. त्या तशाच पडून आहेत. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं. पक्षांनी तो आदेश पाळला नाही. कायदा संसदेत पक्षच करतात, त्यामुळे तिथून लवकर काही येईल असं मला वाटत नाही.

म्हणून माझी विनंती समोर बसलेल्यांपैकी जे कोणत्याही पक्षाचे सभासद आहेत त्यांना आहे, मग तो पक्ष कोणताही असो. आपल्या तालुक्याची सभासद यादी पाहायला लेखी अर्जाने मागा. ती कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तो कोणाच्या मालकीचा आहे, हे विचारा. पुढच्या वेळी फोनवर मत मागितलं गेलं तर एकूण किती उत्तरं आली आणि ती कोणी मोजली, हेही त्याच अर्जात विचारा. एकट्याच्या अर्जाला कदाचित उत्तर येणार नाही, म्हणून एका तालुक्यातल्या पंचवीस जणांनी मिळून सह्या करा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.